नवतपा आणि बर्फाची पानं

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो, विदर्भात नवतपा लागतो आणि पुढचे नऊ दिवस सगळा दिनक्रम उन्हाच्या सोयीनं चालतो. चंद्रपूर, नागपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळत असतो. दुपारी बारानंतर रस्ते ओस पडतात. बाहेर पडणं टळतच नसेल, तर डोक्याला घट्ट दुपट्टा आणि खिशात कांदा. घरात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारलेलं असतं, कूलरची घरघर चालू असते, त्याच्या टाकीत सकाळपासून तिसरी बादली ओतून झालेली असते. जेवणं उरकतात, पन्ह्याचे पेले रिकामे होतात, घरातली माणसं आडवी होतात. त्या सामसुमीत एखादा वाचक कूलरसमोरची जागा धरतो आणि जॅक लंडनची ‘टू बिल्ड अ फायर’ ही कथा उघडतो.

कथेत युकॉनच्या गोठलेल्या वाटेवरून एक माणूस एकटाच चाललेला आहे. सोबतीला फक्त कुत्रा. थंडी किती आहे याचा अंदाज घ्यायला तो थुंकतो, आणि थुंकी खाली पडायच्या आत हवेतच तडकते. उणे ५० फॅरनहाइटला थुंकी बर्फावर पडल्यावर तडकते, हे त्याला ठाऊक आहे. ती हवेतच तडकली, म्हणजे थंडी त्याच्याही पुढची. लेखक लगेच आकडा सांगून टाकतो : उणे ७५. सेल्सिअसमध्ये सुमारे उणे ५९. वाचकाच्या खिडकीबाहेर आहे अधिक ४५. हातातलं पुस्तक आणि बाहेरचं अंगण यांच्यात शंभराहून जास्त अंशांचं अंतर आहे.

ऐन उन्हाळ्यात थंड मुलखातल्या कथा-कादंबऱ्या काढून बसणारे वाचक सगळीकडे भेटतात. कुणी सैबेरिया निवडतो, कुणी ग्रीनलंड, कुणी जपानचा हिमप्रदेश. विचारलं तर बहुतेक जण सांगतात, ‘जरा गार वाटतं.’ या ‘जरा गार वाटण्या’त खरं किती?

हात खरंच गार पडतो?

ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी काही जणांना छोट्या चित्रफिती दाखवल्या. पडद्यावर कुणीतरी आपला हात पाण्यात बुडवत होतं. काही फितींत पाण्यात बर्फाचे खडे तरंगताना दिसत, काहींत पाण्यातून वाफ निघत असे. पाहणाऱ्यांच्या हातांचं तापमान त्याच वेळी मोजलं जात होतं. बर्फाच्या पाण्यातला हात पाहताना पाहणाऱ्याचा स्वतःचा हातही किंचित गार पडला. घट अगदी बारीक होती, डाव्या हाताची अंशाच्या पाचव्या हिश्श्याएवढी आणि उजव्याची त्याहून कमी. पण ती मोजता आली. गरम पाण्याच्या फितींनी मात्र हात गरम झाले नाहीत.

हा प्रयोग चित्रफितींचा होता, पुस्तकाचा नव्हता, त्यामुळे त्याच्यावरून कादंबरीची हमी देता येत नाही. तरी दुसऱ्याची थंडी पाहून आपलं शरीर दखल घेतं, एवढं त्यातून दिसतं.

अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमधलं उदाहरण याहून बोलकं आहे. भाजलेल्या रुग्णांची जखम धुणं आणि पट्टी बदलणं हा रोजचा असह्य वेदनांचा प्रसंग असतो. वॉशिंग्टन विद्यापीठाचे हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी अशा रुग्णांसाठी ‘स्नोवर्ल्ड’ नावाचा आभासी जगाचा खेळ तयार केला. डोळ्यांवर यंत्र चढवलं की रुग्ण बर्फाच्या दरीतून तरंगत जातो आणि हिममानवांवर, पेंग्विनांवर बर्फाचे गोळे फेकत राहतो. खेळ चालू असताना वेदना कमी जाणवल्याचं रुग्णांनी सांगितलं. आगीनं पोळलेल्यांसाठी बर्फाचं जग मुद्दाम निवडलेलं आहे, पण खरं काम करतं ते लक्ष. मन दरीत गुंतलं, की जखमेकडे जाणारं लक्ष तेवढं कमी पडतं.

कादंबरीही याच वाटेनं काम करत असावी. पुस्तकानं खोलीचा पारा हलत नाही. ऊन लागलं तर पाणी, सावली, विश्रांती आणि गरज पडली तर डॉक्टर, याला पर्याय नाही. पण दुपारची जी तलखी निम्मी अंगात आणि निम्मी मनात असते, तिच्यातला मनाचा वाटा पुस्तक उचलू शकतं. अट एकच, पुस्तकातली थंडी खरी असली पाहिजे.

थंडी दिसते ती हातांत

‘कडाक्याची थंडी होती’ असं दहा वेळा लिहिलं तरी वाचकाला काही वाटत नाही. लंडन काय करतो पाहा. त्याचा माणूस पाण्यात पाय पडल्यामुळे भिजलेला आहे, शेकोटी पेटली नाही तर पाय जातील, आणि बोटं इतकी बधिर झाली आहेत की एक काडी वेगळी धरता येत नाही. शेवटी तो सगळा जुडगा दोन्ही तळव्यांच्या मध्ये दाबून धरतो आणि सत्तरच्या सत्तर काड्या एकदम पेटवतो. स्वतःचं मांस जळाल्याचा वास त्याला आधी येतो, वेदना नंतर कळते. हे वाचताना कूलरसमोरचा वाचक नकळत आपली बोटं मिटून पाहतो.

अलेक्झांडर सोल्झेनित्सिनच्या ‘इव्हान डेनिसोविचच्या आयुष्यातला एक दिवस’ या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत थंडी गवंडीकामातून कळते. छावणीतला कैदी शुखोव भिंत बांधतोय. पारा उणे २७ च्या आसपास आहे. उणे ४१ झाला तरच काम बंद, असा तिथला नियम. कालवलेला माल थापीवर घेतल्याबरोबर वीट बसवली नाही तर तो गोठतो, मग तो खरवडत बसावं लागतं. म्हणून शुखोवचे हात भराभर चालतात. थोड्या वेळानं त्याला थंडी वाजेनाशी होते आणि त्याच्या नजरेत फक्त भिंत उरते. काम थांबवायचा इशारा झाल्यावरही उरलेला माल फेकवत नाही म्हणून तो आणखी काही विटा बसवतो आणि मागे सरून भिंतीची रेघ डोळ्यांनी जोखतो. सोल्झेनित्सिनने छावणीत स्वतः गवंडीकाम केलं होतं, ते या पानांत ओळीओळीला जाणवतं.

टॉलस्टॉयच्या १८९५ सालच्या ‘मास्टर अँड मॅन’ या दीर्घकथेत व्यापारी ब्रेखुनोव जंगलखरेदीच्या घाईनं हिमवादळात घसरगाडी घेऊन निघतो. सोबत नोकर निकिता. वाट चुकते आणि ते फिरून फिरून एकाच गावाच्या वेशीशी येतात. तिथं दोरीवर वाळत घातलेले कपडे वादळात जिवाच्या आकांतानं फडफडताहेत. एवढ्या एका दृश्यानं वाऱ्याचा जोर कळतो. आपल्याकडे मे महिन्यात दोरीवरचं धोतर पंधरा मिनिटांत वाळून काठीसारखं कडक होतं, त्यामुळे दोरीवरच्या कपड्यांवरून हवा ओळखायची कला मराठी वाचकाला शिकवावी लागत नाही. पुढे रात्री मालक आपल्या अंगाच्या आणि कोटाच्या उबेनं नोकराला झाकतो. सकाळी नोकर जिवंत सापडतो, मालक नाही.

अर्सुला ले ग्विनची ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ ही १९६९ सालची कादंबरी एका काल्पनिक हिमग्रहावर घडते. दोघे जण घसरगाडी ओढत हिमनदीचं अफाट पठार ओलांडताहेत. एक दिवस आभाळ आणि बर्फ इतके एकजीव पांढरे होतात, की कुठेच सावली उरत नाही. सावली नाही म्हणून चढउतार दिसत नाही, भेगा दिसत नाहीत, पुढचं पाऊल कशावर पडणार ते कळत नाही. त्यांना थांबावं लागतं. आंब्याच्या झाडाखालच्या सावलीसाठी चार शेतं चालून जाणाऱ्या माणसानं हे पान वाचून पाहावं. सावलीचा असा उपयोग त्याच्याही ध्यानात आलेला नसेल.

ऑस्लोतला वाचक पापणीवर गोठलेल्या दवाच्या वर्णनावरून पुढे सरकत असेल, कारण ते त्याचं रोजचं आहे. चंद्रपूरचा वाचक तिथं अडखळतो, थबकतो, वाक्य पुन्हा वाचतो. थंडीच्या पुस्तकांना त्याच्याइतका लक्ष देणारा वाचक क्वचितच मिळत असेल.

बर्फ एक, ऊन अनेक

ही पुस्तकं मराठीत आणताना अनुवादकाची पहिली अडचण शब्दाची. आभाळातून भुरभुरत पडतो तो बर्फ, आणि लादीतून फोडून सरबतात टाकतात तोही बर्फच. ‘हिम’ हा शब्द आहे, पण तो पुस्तकातला. रोजच्या बोलण्यात ‘काल हिम पडलं’ असं कुणी म्हणत नाही. मग भुसभुशीत बर्फ, कडक बर्फ, बर्फाचा भुगा अशी विशेषणांची जोड द्यावी लागते. डॅनिश लेखक पीटर होएग यांच्या १९९२ सालच्या गाजलेल्या कादंबरीची नायिका स्मिला ही ग्रीनलंडच्या आईची मुलगी. छतावरून पडून मेलेल्या लहान मुलाच्या बर्फातल्या पाऊलखुणा वाचूनच हा साधा अपघात नाही हे ती ओळखते. बर्फाचे प्रकार आणि त्यांची नावं हा त्या गोष्टीचा कणा आहे, आणि तो मराठीत उभा करणं हे कसोटीचं काम आहे.

उन्हाचं मात्र उलट. कोवळं ऊन, उन्हाची तिरीप, कवडसा, टळटळीत दुपार, रणरणतं ऊन, झळा, धग, काहिली, उकाडा, रखरख, तलखी. यातला प्रत्येक शब्द वेगळ्या वेळेचा, वेगळ्या जागेचा आहे. झळ रस्त्यावर लागते, उकाडा घरात होतो, काहिली अंगाची होते. ‘गारवा’ आणि ‘गारठा’ यांतलं अंतर तर आणखी नाजूक. गारवा हवासा, गारठा नकोसा. दुपारी हिमवादळाची कादंबरी वाचणारा वाचक पानावरच्या गारठ्यातून आपल्यापुरता गारवा काढून घेत असतो.

बर्फ न पाहिलेल्यांचा बर्फ

महाराष्ट्रातल्या बहुतेक वाचकांनी आभाळातून पडणारा बर्फ पाहिलेला नसतो. तरीही तो त्यांना वाचताना दिसतो. तो कुठून येतो? गोळेवाल्याच्या रंध्याखाली पडणाऱ्या भुग्यातून, गोणपाटात आणि लाकडाच्या भुश्यात गुंडाळलेल्या लादीतून, जुन्या फ्रीजच्या कप्प्यात साचलेल्या पांढऱ्या थरातून. यवतमाळ-अमरावतीकडच्या वाचकाला आणखी एक सोय आहे. जिनिंगच्या आवारात हंगामात कापसाचे पांढरेशुभ्र डोंगर लागतात आणि त्यांच्यावरून माणसं पाय रुतवत चालतात. बर्फाच्छादित टेकडी कशी दिसत असेल, हे त्याला वेगळं सांगायला नको.

एका पिढीला हा बर्फ रशियन पुस्तकांनी दाखवला. मॉस्कोच्या प्रगती आणि राडुगा प्रकाशनांची मराठी पुस्तकं लोकवाङ्मय गृहामार्फत महाराष्ट्रभर पोचत. छपाई देखणी, चित्रं भरपूर आणि किंमत अगदी परवडणारी. घसरगाड्या, फरच्या टोप्या, पांढऱ्या खोडांची बर्चची झाडं, उंबऱ्यापर्यंत साचलेला बर्फ हे सगळं त्या पानांवरून मराठी घरांत आलं. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये कोसळला आणि पुस्तकांचा हा ओघ आटला. ती जपून ठेवणाऱ्या वाचकांच्या आठवणींवर पुढे ‘धुक्यात हरवलेले लाल तारे’ हा माहितीपटही झाला.

दुसरी वाट भा. रा. भागवतांची. फास्टर फेणेच्या या जनकानं ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला. त्यांच्या ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’मागे व्हर्नची १८७७ सालची ‘हेक्टर सर्वादाक’ ही कादंबरी आहे. गोष्ट सुरू होते अल्जीरियाच्या उबदार किनाऱ्यावर. एक धूमकेतू पृथ्वीला घासून जातो आणि भूमध्य समुद्राचा एक तुकडा माणसांसकट घेऊन जातो. सूर्यापासून अंतर वाढत जातं, थंडी वाढत जाते, पण समुद्र गोठत नाही. पारा गोठणबिंदूच्या खाली गेलेला आहे, तरी पाणी अगदी निश्चल असल्यामुळे पाणीच राहिलं आहे. मग नीना नावाची छोटी मुलगी एक लहानसा बर्फाचा तुकडा पाण्यात टाकते आणि बघता बघता सगळा समुद्र क्षितिजापर्यंत गोठून जातो. यामागचं विज्ञान खरं आहे. शुद्ध, स्थिर पाणी शून्याखाली जाऊनही द्रव राहू शकतं आणि एखादा स्फटिक मिळाला की झपाट्यानं गोठतं. फ्रीजरमध्ये ठेवलेली पाण्याची बाटली बाहेर काढून टेबलावर आपटल्यावर कधीकधी डोळ्यांदेखत गोठते, ती याच कारणानं.

आणि मुंबईत बर्फ पडला तर? जयंत नारळीकरांनी ‘हिमप्रलय’ या कथेत हेच घडवलं. मुंबईकर सकाळी उठतात तो बाहेर सगळं पांढरं, मुलं नाचताहेत. हिमयुगाचा इशारा आधीच देऊन ठेवणारे शास्त्रज्ञ वसंत चिटणीस मात्र पुढच्या संकटाचा हिशेब मांडताहेत. मुंबईच्या घामट मेमध्ये वाचण्यासाठी याहून जवळची बर्फाची गोष्ट मिळायची नाही.

उन्हाळ्यासाठी विणलेला हिवाळा

थंडीच्या गोष्टींचा उष्ण प्रदेशाशी संबंध वाटतो त्याहून जुना आहे. १८१५ साली इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. त्यातून वातावरणात पसरलेल्या कणांमुळे पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा आलाच नाही. जिनिव्हा सरोवराकाठी पावसामुळे घरात अडकलेल्या तरुण मेरी शेलीनं त्या १८१६ च्या थंड उन्हाळ्यात ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहायला घेतली. तिची सुरुवात आणि शेवट दोन्ही उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात आहेत.

जॅक लंडन सोन्याच्या शोधात क्लोंडाइकला गेला तो १८९७ साली. ‘टू बिल्ड अ फायर’ची पहिली आवृत्ती १९०२ मध्ये मुलांच्या मासिकात आली, तिच्यात माणूस वाचतो. आज जगभर वाचली जाते ती दुसरी, जास्त कठोर आवृत्ती त्यानं १९०७ मध्ये लिहिली, आपल्या ‘स्नार्क’ बोटीनं हवाई बेटांवर मुक्कामाला असताना. नारळीच्या किनाऱ्यावर बसून त्यानं उणे ७५ची आठवण काढली. कथा छापून आली ती ऑगस्ट महिन्यात, अमेरिकेच्या ऐन उन्हाळ्यात. ‘डॉक्टर झिवागो’ चित्रपटाचंही तसंच. पास्तरनाकच्या कादंबरीवर रशियात बंदी होती, म्हणून डेव्हिड लीन यांनी १९६५ चा हा चित्रपट बहुतांशी स्पेनमध्ये चित्रित केला. बर्फानं मढलेलं ते प्रसिद्ध घर मेण वापरून सजवलं होतं.

जपाननं तर उन्हाळा आणि गारवा यांची सांगड रीतसर घातली. भयकथा ऐकून अंगावर शहारा आणायचा, हा तिथला उन्हाळ्यातला जुना उपाय. ‘योत्सुया काइदान’ हे गाजलेलं भूतनाट्य पहिल्यांदा रंगभूमीवर आलं ते १८२५ च्या जुलैत.

यासुनारी कावाबातांच्या ‘यूकिगुनी’ म्हणजे ‘हिमप्रदेश’ या कादंबरीत तर एक कापडच आहे. निइगाता भागातलं चिजिमी. अंबाडीसारख्याच एका झाडाच्या सालीतून निघणाऱ्या बारीक धाग्याचं हे कापड हिवाळ्यात विणतात, कारण कोरड्या हवेत धागा तुटतो आणि बर्फाळ दिवसांत हवेत ओल असते. कापडाला मुद्दाम बारीक सुरकुत्या आणलेल्या असतात, म्हणून ते अंगाला चिकटत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते दहा-वीस दिवस बर्फाच्या शेतावर अंथरून ठेवतात. ऊन आणि वितळत्या, बाष्प होणाऱ्या बर्फातून सुटणारा ओझोन यांमुळे त्याचा रंग उजळतो. ओजिया आणि एचिगो इथल्या या कलेला २००९ मध्ये युनेस्कोनं अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. असं बर्फात विणलेलं, बर्फात उजळलेलं कापड वापरायचं केव्हा, तर टोकियोच्या दमट उन्हाळ्यात. कादंबरीचा नायक शिमामुरा आपले चिजिमीचे जुने उन्हाळी किमोनो उजळण्यासाठी पुन्हा त्यांच्या बर्फाकडे धाडत असतो.

कूलरसमोरचा वाचक आता कथेच्या अखेरीला पोचलाय. युकॉनच्या वाटेवरचा माणूस बर्फात बसल्या बसल्या झोपी गेला आहे. कुत्रा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहतो, जवळ जाऊन हुंगतो, मग वळतो आणि जिथं दुसरी माणसं असतील, शेकोटी असेल, त्या तळाच्या दिशेनं दुडक्या चालीनं निघतो. खोलीत कूलरचा आवाज बदललाय, टाकी कोरडी पडल्यावर होतो तसा. वाचक पानात बोट ठेवून उठतो, मोरीतली बादली भरतो, टाकीत ओततो आणि उरलेलं पाणी वाळ्याच्या ताटीवर शिंपडतो. ओल्या वाळ्याचा वास खोलीभर पसरतो. बाहेर अजून साडेतीनच वाजलेत.